'स्टील अवे' मराठीत कसं आणायचं? मुक्ती, मोक्ष की नुसती सुटका?

भिजकी_वही
मंडळी, अडकलेय. आमचा सात-आठ जणींचा वाचनकट्टा आहे, दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी घरी जमतो. ह्यावेळी माझी पाळी आणि मी हौसेनं बोलून बसले की अमेरिकेतल्या आफ्रिकन गुलामांची भक्तिगीतं, म्हणजे ज्यांना स्पिरिच्युअल्स म्हणतात ती, मराठी करून आणते. आता पहिल्याच गाण्याच्या पहिल्याच ओळीत चार दिवस झाले बसलेय.

गाणं आहे 'स्टील अवे टू जीझस'. कडवं एवढंच, की हळूच निघून चल येशूकडे, हळूच निघून चल घरी, इथं मला फार दिवस राहायचं नाहीये. पुढे देव गडगडाटातून हाक मारतो आणि जिवाच्या आत शिंग वाजतं. बास. शब्द पहिलीतल्या पोराला कळतील.

पण 'स्टील' म्हणजे चोरणं पण. आणि गुलाम कायद्यानं मालमत्ता, म्हणजे तो पळाला की मालकाच्या लेखी चोरीच झाली, चोरही तोच आणि माल पण तोच! हे मराठीत कुठून आणू? दुसरं म्हणजे 'घर' म्हणजे स्वर्ग की उत्तरेकडची राज्यं, जिथे गुलामी नाही? 'मुक्ती' लिहिलं की वाचणारी बाई डोळे मिटून घेते, 'स्वातंत्र्य' लिहिलं की १५ ऑगस्ट आठवतो. 'मोक्ष' तर नकोच. काय करू?

खडूस_काका
सटक रे सटक, येशूकडे सटक.
घ्या, झालं. पुढचं गाणं आणा.

फुटकळ
काका _/\_
चहा घेऊन बसलोय, चालू द्या.

टेनेसीतली_टवळी
अगं वही, मी नॅशव्हिलला राहते गं! ह्या गाण्याचं आजोळच म्हण की आमचं गाव. लिहितेच जरा सविस्तर.

इथे फिस्क नावाची युनिव्हर्सिटी आहे, यादवी युद्ध संपल्यावर लगेच १८६६ साली नुकत्याच सुटलेल्या गुलामांसाठी काढलेली. पाच वर्षांत पैसे संपले. तिथला खजिनदार जॉर्ज व्हाइट नऊ पोरापोरींना घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ ला गायनाच्या दौऱ्यावर निघाला, की वर्गणी गोळा करू आणि शाळा वाचवू. ह्यातली बरीचशी पोरं स्वतः गुलामीत जन्मलेली. आणि गंमत अशी की सुरुवातीला ती ही गाणी गातच नव्हती. गोऱ्यांना आवडणारी नेहमीची गाणी गायची. त्यांची पियानोवाली एला शेपर्ड, तिनं सांगून ठेवलंय की ही गाणी आमच्या आईवडलांसाठी पवित्र होती, गुलामीच्या काळाशी बांधलेली होती, चारचौघांत गायचा धीरच व्हायचा नाही. आपसात म्हणायची, दार लावून.

नोव्हेंबरमध्ये ओहायोतल्या ओबर्लिनला पाद्र्यांची मोठी सभा होती, तिथे त्यांनी 'स्टील अवे' लावलं आणि गप्पा मारत बसलेली सभा गप्प झाली. तिथून चित्र पालटलं. १८७३ ला व्हिक्टोरिया राणीसमोर गाऊन आली ही पोरं. त्या पैशातून इथे ज्युबिली हॉल उभा राहिला, १८७६ ला. आत त्या मंडळाचं भिंतभर मोठं तैलचित्र आहे, सगळे कडक इस्त्रीच्या कपड्यांत, हसत कुणीच नाही.

६ ऑक्टोबरला अजून कार्यक्रम होतो. मी एका वर्षी गेले होते. 'स्टील अवे' सुरू झालंय हे मला कळलंच नाही. इतकं हळू की आधी वाटलं कुणीतरी श्वास घेतंय. शेजारची आजी डोळे उघडे ठेवून ओठ हलवत होती पण आवाज नाही. तेव्हा मला वाटलं, हे गाणं ऐकू जाऊ नये म्हणून म्हटलेलं गाणं आहे. तर वही, तुझं भाषांतर मोठ्यानं म्हणता येईल असं नको, कुजबुजता आलं पाहिजे. 'मुक्ती' कुजबुजून बघ. नाही जमत.

भिजकी_वही
टवळे, काटा आला. कुजबुजण्याची चाचणी घेतेच.

पुरावा_द्या
छान माहिती, पण धाग्यात लवकरच कुणीतरी येऊन सांगेल की ही सगळी गाणी म्हणजे पळून जायचा गुप्त नकाशा होता, ही ओळ म्हणजे नदीतून जा आणि ती ओळ म्हणजे ताऱ्याकडे बघ. म्हणून आधीच लिहितो. ते 'फॉलो द ड्रिंकिंग गोर्ड', सप्तर्षींवाल्या गाण्याचं उदाहरण देतात ना, ते पहिल्यांदा छापलं गेलं १९२८ साली, गुलामी संपून साठ-एक वर्षं झाल्यावर. आता शाळेच्या पुस्तकात छापतात पण त्याला पुरावा पातळ आहे.

पण उलट टोकही खरं नाही. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलाम होता, स्वतः पळाला, त्यानं १८५५ च्या आत्मचरित्रात लिहिलंय की आम्ही 'ओ केनान, गोड केनान' (केनान म्हणजे बायबलात देवानं कबूल केलेली भूमी) म्हणायचो तेव्हा आमच्या मनात नुसता स्वर्ग नव्हता, उत्तर हेच आमचं केनान होतं. हा माणूस साक्षीला आहे. म्हणजे नकाशा नव्हे पण दुहेरी अर्थ होता, आणि म्हणणाऱ्यांना तो माहीत होता.

काळीमाती
सगळं वाचलं. माझा मूळ मुद्दाच वेगळा आहे, राग मानू नका. ज्यानं साखळदंड घातले त्याचाच देव घ्यायचा आणि त्याच्याच देवाकडे सुटका मागायची, ह्यात मुक्ती कुठेय? वर गेल्यावर मिळेल म्हणायचं, आणि मालक खूश, कारण खाली कापूस वेचायला माणूस आहेच. आमच्या आज्यापणज्यांना पण हेच सांगितलं होतं की मागच्या जन्मीचं आहे, गप सोसा, पुढच्या जन्मी बघू. बाबासाहेबांनी येवल्याला १९३५ ला सांगितलं आणि १९५६ ला नागपूरला करून दाखवलं. देव बदलायला लागतो आधी. गाण्यानं साखळी तुटत नाही.

फुटकळ
आता रंगणार.

अर्धा_कप
काळीमाती, प्रश्न रास्त आहे, पण एक गोष्ट सांगतो. १८०७ साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी खास बायबल छापलं. कापून. नेहमीच्या बायबलात ११८९ अध्याय, ह्यात २३२. काय ठेवलं बघा: योसेफ गुलाम म्हणून विकला जातो आणि इमानदारीनं वर येतो, ते ठेवलं. मोशे गुलाम लोकांना इजिप्तमधून बाहेर काढतो, ते काढून टाकलं! ह्या पुस्तकाच्या तीनच प्रती माहीत आहेत आणि त्यातली एक कुठे असावी, तर टवळीच्या गावात, फिस्कमध्येच.

मालकाला जर वाटत असतं की हा धर्म नुसती अफू आहे तर कात्री कशाला लावली असती? त्याला बरोबर माहीत होतं पुस्तकात काय आहे ते.

पुरावा_द्या
एक दुरुस्ती, ते बायबल कॅरिबियन बेटांसाठी होतं आणि 'स्टील अवे' अमेरिकेतलं, दोन्हीची मिसळ नको. अमेरिकेत दक्षिणेच्या बहुतेक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणंच गुन्हा होता. म्हणजे तिथे कात्रीचीही गरज नव्हती. मोशेची गोष्ट कानानं आली आणि 'गो डाउन मोझेस' झाली.

अर्धा_कप
मान्य, मिसळ फक्त कट वडा घालून.

काळीमाती
कात्रीची गोष्ट माहीत नव्हती. विचार करतो. पण उत्तर पूर्ण झालं नाही.

शेवंतीची_वेणी
काळीमाती, तुमच्यासाठी एक आजी आणते. हॉवर्ड थर्मन म्हणून कृष्णवर्णीय धर्मचिंतक होते, त्यांची आजी नॅन्सी गुलामीत जन्मलेली, लिहिता-वाचता येत नव्हतं, नातू तिला बायबल वाचून दाखवायचा. पण बायबलातली पॉल ह्या प्रेषिताची पत्रं ती वाचू द्यायची नाही. प्रेमावरचा एक अध्याय कधीमधी चालायचा, बाकी नाही. मोठा झाल्यावर त्यानं कारण विचारलं. ती म्हणाली, मालकाचा पाद्री यायचा तो दरवेळी पॉलचंच काढायचा, 'दासांनो, धन्याची आज्ञा पाळा'. मी तेव्हाच ठरवलं, मला वाचता आलं आणि मी सुटले तर बायबलातला हा भाग आयुष्यात वाचणार नाही.

म्हणजे कात्री आजीकडे पण होती! मालकाचा देव घेतला नाही तिनं, त्यातला तिच्या उपयोगाचा निवडून घेतला, तांदूळ निवडतात तसा.

हेच थर्मन बायकोबरोबर १९३६ च्या फेब्रुवारीत बारडोलीला गांधींना भेटले. गांधींनी त्यांना एक गाणं म्हणायला सांगितलं, येशूला क्रुसावर चढवलं तेव्हा तुम्ही होता का तिथे, हे. आणि म्हणाले की अहिंसेचा निखळ संदेश जगाला कदाचित ह्याच लोकांकडून मिळेल.

काळीमाती
आजी आवडली. शंभर टक्के. गांधींचं मात्र बघा, येवल्याची घोषणा होऊन चार महिने झाले होते तेव्हा. घरातली साखळी खणखणत होती आणि पाहुण्यांकडून भजन ऐकणं चाललंय. असो, धागा त्याचा नाही.

आणि नातं शोधायचंच तर त्याच्या आधीचं शोधा. टवळी म्हणाली ती पोरं १८७३ ला राणीपुढे गायली. त्याच साली इकडे जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' आली, आणि अर्पणपत्रिका कुणाला, तर अमेरिकेतली गुलामी घालवायला झटलेल्या तिथल्या लोकांना. बाबासाहेबांनी पण १९४६ ला तिथले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस ह्यांना पत्र लिहिलं होतं आणि त्यांचं उत्तर आलं होतं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा नावच तिकडून, ब्लॅक पँथरवरून, घेतलं. आमच्याकडे हा विषय वाचनकट्ट्यावर नंतर आला, घरात आधी आला. पोस्टर होती चाळीत.

भिजकी_वही
काळीमाती, हे सगळं शनिवारी सांगितलं तर चालेल ना? कट्ट्यावर कुणाला १८७३ चं माहीत नसणार, मलाच नव्हतं.

काळीमाती
विचारायचं काय त्यात. सांगा.

जुना_रेडिओ
अवांतर करतो, हलके घ्या. आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवात १९७९ ला एकच इंग्रजी कॅसेट होती, बोनी एम. 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' वर आम्ही दहा दिवस नाचलो. डिस्को गाणं म्हणून. चाळीस वर्षांनी कळलं की ते बायबलातलं १३७ वं स्तोत्र आहे, बॅबिलॉनला बंदी करून नेलेले ज्यू नदीकाठी बसून रडताहेत, आणि पकडून नेणारे म्हणताहेत गाणं म्हणा एखादं. परक्या मुलखात देवाचं गाणं कसं म्हणू? आणि आम्ही त्यावर मिरवणुकीत लेझीम!!

गाणं मुळात जमैकातल्या मेलोडियन्सचं, १९७० चं. ती रास्ताफारी माणसं. त्यांच्या लेखी बॅबिलॉन म्हणजे गोऱ्यांची सत्ता, पोलीस, सगळी ही व्यवस्था, आणि घर म्हणजे आफ्रिका, इथिओपिया. मूळ गाण्यात 'किंग आल्फा'चं गाणं असं आहे, म्हणजे इथिओपियाचा सम्राट हेले सेलासी, त्याचा १९३० ला राज्याभिषेक झाला तेव्हा हे लोक म्हणाले हाच तो तारणारा. बोनी एमनं १९७८ ला ते काढून साधा 'लॉर्ड' घातला. डिस्कोत राजा चालत नाही बहुतेक.

खडूस_काका
रास्ताफारी म्हणजे ते गांजावाले ना? मुक्ती तिथे लवकर मिळत असेल.

जुना_रेडिओ
काका, हसताय, पण शब्द नीट बघा. जमैकात पण गांजालाच गांजा म्हणतात! १८४५ पासून ब्रिटिशांनी कलकत्त्याहून करार करून मजूर नेले उसाच्या मळ्यांत, गुलामी बंद झाल्यावर माणसं कमी पडायला लागली म्हणून. गांजा आणि शब्द त्यांच्याबरोबर गेला. तिकडे प्रार्थनेत ओढतात, आपले साधू धुनीपाशी ओढतात. आपला माल आहे काका, नावं ठेवू नका.

खडूस_काका
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे).

कारवारची_मासळी
मी नेहमी रोमात (नुसती वाचत) असते पण आज राहवलं नाही. आफ्रिकन म्हटलं की सगळे अमेरिका-जमैका धरतात, आमच्या कारवारात काळी नदीच्या बाजूला खाप्री देव आहे तो विसरलात. खाप्री म्हणजे काफ्री, आफ्रिकन. शेकडो वर्षांपूर्वी एक आफ्रिकन माणूस इथे राहिला, त्याचाच देव झाला असं सगळे सांगतात. त्याला काय वाहतात? पेटवलेली सिगारेट, दारू आणि मेणबत्ती. माझ्या मावशीनं लेकाच्या नोकरीसाठी सिगारेट बोलली होती आणि जन्मात दुकानात जाऊन पाकीट मागितलं नव्हतं तिनं, शेवटी मला पाठवलं. दुकानदार म्हणाला खाप्रीला ना? म्हटलं हो. म्हणाला मग काडेपेटी पण घेऊन जा.

फुटकळ
धाग्याचा सर्वोत्तम प्रतिसाद. काडेपेटी!!

पखवाजवाला
मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी राहिले की, तेही मूळचे आफ्रिकेतलेच. आणि गुजरातेत भरूचजवळ रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे, तिथल्या सिद्द्यांकडे मलुंगा म्हणून वाद्य असतं, धनुष्याला भोपळा लावलेला, एक तार. ब्राझीलमधे कापोएराला, म्हणजे तिथल्या नाचत लढायच्या खेळाला, जे बेरिंबाउ वाजवतात त्याचं हे भावंडच. एक फांदी पश्चिमेला गेली जहाजातून, एक पूर्वेला आली, धनुष्य दोघांनीही सोडलं नाही.

मला वाद्यांचाच किडा म्हणून आणखी एक. साउथ कॅरोलिनात १७३९ ला गुलामांचं बंड झालं, स्टोनोचं, ढोल वाजवत निघाले होते. पुढच्या वर्षी कायदा आला, ढोल बंद. मग ह्यांनी काय केलं, तर टाळ्या, पाय, आणि झाडूची दांडी जमिनीवर आपटायची. जॉर्जियाच्या किनाऱ्याकडे अजून आहे तो प्रकार, रिंग शाउट. गोल फिरायचं, घड्याळाच्या उलट दिशेनं, आणि पाय उचलून एकावरून एक टाकायचा नाही, सरकवायचा. कारण पाय ओलांडला की ते नाचणं, आणि देवळात नाचणं पाप! पाय जमिनीला घासत घासत तो ताल येतो ना, मी व्हिडिओ लावून पखवाजावर धरायला बघितला, डावीकडे पिठाचा गोळा लावूनही तो घासल्याचा आवाज येत नाही. आपलं रिंगणच की हे.

पुरावा_द्या
रिंगणात घोडा धावतो.

पखवाजवाला
:) बरं, फुगडी.

काळीमाती
सगळ्याला आपलं वारीचं कुंकू लावायची काय घाई असते? त्यांचं त्यांचं असू द्या की. ढोल काढून घेतला म्हणून काठी आपटली, ही गोष्ट पंढरपूरची नाही.

पखवाजवाला
हे मान्य.

मखमली_तसबीर
वहीताई, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. मालक शब्दावरून आठवलं. उमर इब्न सईद म्हणून सेनेगलकडचा शिकलेला मुसलमान माणूस, १८०७ ला पकडून अमेरिकेत विकला. नॉर्थ कॅरोलिनात गुलाम असताना १८३१ ला त्यानं स्वतःची हकीकत अरबीत लिहिली. आजूबाजूला कुणाला ती लिपी येत नव्हती. सुरुवात कशानं केली? कुराणातल्या सूरह अल-मुल्कनं. ज्याच्या हाती सगळी मुल्क, म्हणजे सत्ता, मालकी, तो थोर. आता हा शब्द आपला 'मालक' ज्या धातूतून आला त्याच धातूचा आहे, 'मुलूख' पण तोच. माणूस ज्याच्या मालकीचा आहे त्याच्याच घरात बसून पहिल्या ओळीत लिहितो की मालक दुसराच आहे. आणि मालकाला वाचता येत नाही!

'मुक्ती की स्वातंत्र्य' ह्याचं उत्तर मला तिथे दिसतं. हे लोक देवाचं नाव घेतात तेव्हाच मालकाचं नाव खोडत असतात. दोन अर्थ नाहीतच, आपण मराठीत दोन कप्पे केलेत म्हणून आपल्याला दोन दिसतात.

भिजकी_वही
हे वाचून दोन मिनिटं नुसती बसले. कप्पे! बरोबर. मग असा शब्द पाहिजे जो कुठल्याच कप्प्यात नाही. 'मोकळं' कसं वाटतं? बाळंतीण पण मोकळी होते, गुरं पण मोकळी सोडतात, मन पण.

शेवंतीची_वेणी
'मोकळं' सुरेख आहे, पण गाण्यात तो शब्दच नाहीये गं. तिथे फक्त निघणं आहे. तू अर्थ भरायला बघतेयस.

टेनेसीतली_टवळी
+१. गाणारा अर्थ सांगत नाही, त्यातच त्याचा जीव वाचतो.

नगरची_चिंच
आम्ही नगरचे ख्रिस्ती. लहानपणापासून ना. वा. टिळकांची भजनं टाळ घेऊन म्हणत आलोय, तेव्हा एक सुचवते. 'येशूकडे' म्हणू नका, 'येशूपाशी' म्हणा. कडे म्हणजे दिशा झाली, कडे कुणीही जातं. पाशी म्हणजे टेकणं आलं.
आणि शिंगाला 'तुतारी' लिहू नका, धागा राजकारणात जाईल.

भिजकी_वही
पाशी!! घेतलं.
मग 'होम' ला 'माहेर' करू का? तुकोबांपासून सगळ्यांनी देवाला माहेर म्हटलंय, सासुरवाशिणीची ओढ पण येते.

शेवंतीची_वेणी
मी पण तेच लिहिणार होते, माहेर एकदम बसतं.

काळीमाती
माहेर नको. सासुरवाशिणीला माहेर असतं, दिवाळीला जाता येतं, भाऊ न्यायला येतो. ह्यांची आई विकली. भाऊ विकला. 'कधी कधी वाटतं मी आई नसलेलं लेकरू' हे पण त्यांचंच गाणं ना? ते उपमा म्हणून नव्हतं म्हटलेलं. नुसतं 'घर' ठेवा. कधी नव्हतंच ते घर.

पुरावा_द्या
काळीमातीशी पहिल्यांदाच पूर्ण सहमत, आणि पुरावा देतो. डग्लसला तान्हा असताना आईपासून तोडला, तिला दुसऱ्या मळ्यावर ठेवलं होतं बारा मैलांवर. जन्मात चार-पाच वेळा भेटली, ती पण रात्री. दिवसभर शेतात राबून बारा मैल चालत यायची, पोराशेजारी आडवी व्हायची, त्याला झोपवायची आणि तो उठायच्या आत गेलेली असायची, कारण सूर्य उगवायला शेतावर नसली तर फटके. उजेडात आईला बघितल्याचं आठवत नाही असं त्यानं लिहिलंय.

नगरची_चिंच
चोरपावलांनी यायची म्हणजे.

भिजकी_वही
थांबा थांबा थांबा. चोरपावलांनी!

टेनेसीतली_टवळी
अगं बाई!! चोर पण आला, हळू पण आलं. कुजबुजता पण येतं.

खडूस_काका
'सटक'पेक्षा बरं आहे, कबूल.

भिजकी_वही
हे बघा, आत्ताच केलं, कच्चं आहे:

चोरपावलांनी, चोरपावलांनी,
चोरपावलांनी चल येशूपाशी.
चोरपावलांनी, चोरपावलांनी चल घरी,
इथं काही माझा फार मुक्काम नाही.

शेवटच्या ओळीला आधी 'फार दिवसांची सोबतीण नाही' केलं होतं पण ते आपल्याकडे मरणाचंच बोलणं, आजी म्हणायची तसं. मुक्काम हलवला तर माणूस मेला असेल किंवा पहाटेच्या आत नदीपार गेला असेल, दोन्ही चालतं.

अर्धा_कप
मुक्काम झकास. वाचनखूण साठवली.

काळीमाती
चांगलं झालंय. दुसऱ्या ओळीबद्दल माझं मत तेच आहे, पण गाणं तुमचं नाही नि माझंही नाही.

पखवाजवाला
चाल लागते का बघितलं का? 'पावलांनी' वर मात्रा वाढतात, मूळ सुरावर बसणार नाही.

भिजकी_वही
नाही बसत, सकाळपासून तीनदा म्हणून बघितलं. शनिवारी वाचूनच दाखवीन, हळू आवाजात.

कारवारची_मासळी
आणि त्या मावसभावाला नोकरी लागली हो, सांगायचं राहिलं. मावशीनं अख्खं पाकीट वाहिलं.